भिंतीवरची रेघ आणि अडीच कोटी चौकोन

23 सप्टेंबर 2023, शनिवारची पहाट. रात्रीतून नागपुरात शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठ सोडून वस्तीत शिरली. डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, धरमपेठ, सीताबर्डी, मोरभवनचं बसस्थानक, सगळीकडे पाणी. माझी काकू त्याच पट्ट्यात राहते. दोन दिवसांनी गेलो तेव्हा गाद्या, पुस्तकं, शिलाई मशीन, तांदळाचे डबे असं सगळं अंगणात उन्हाला मांडलं होतं. घरात गाळाचा ओला वास. आणि समोरच्या खोलीच्या चारही भिंतींवर, गवंड्यानं पाणसळ लावून मारावी तशी सरळ, मातकट रेघ. टेप लावून मोजली. फरशीपासून चार फूट दोन इंच.

काकू खराट्यानं गाळ लोटत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तू कॉलेजात पाण्याचंच शिकवतोस ना रे? मग तुमच्या त्या कॉम्प्युटरला हे आधी नाही का सांगता येत?"

तेव्हा मी "येतं गं, पण..." एवढंच म्हणालो आणि खराटा हातात घेतला. त्या 'पण'च्या पुढचं सगळं आज लिहितोय.

वाहत्या पाण्याचं गणित काही आजचं नाही. उथळ पाणी उतारावरून कसं धावतं याची समीकरणं सेंट व्हेनंट या फ्रेंच अभियंत्यानं 1871 मध्ये मांडली. चिन्हं बाजूला ठेवली तर त्यात दोनच हिशेब आहेत. पहिला पाण्याचा: जागेवर होतं तेवढं, अधिक बाहेरून आलेलं, अधिक पावसाचं, वजा निघून गेलेलं. दुसरा वेगाचा: उतार पाण्याला ढकलतो, शेजारचं उंच पाणी ढकलतं आणि जमिनीची खरबड त्याला मागे ओढते. बारावीच्या मुलाला तासाभरात समजेल.

अडचण जमिनीची आहे. कालवा सरळ असेल, तळ गुळगुळीत असेल, तर कागदावर उत्तर निघतं. नाग नदी वळणं घेते, पुलाखाली आकसते, भिंतींमधून जाते, पुढे पसरते. अशा जमिनीसाठी एका ओळीचं सूत्र नाही. म्हणून आपण शहराचा नकाशा पाटीसारखा आखून घेतो आणि प्रत्येक चौकोनाचा हिशेब वेगळा ठेवतो.

10 किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद तुकडा घ्या. त्यावर 2 मीटरचे चौकोन आखले की एका बाजूला 5,000, म्हणजे एकूण अडीच कोटी चौकोन झाले. प्रत्येकात तीन आकडे: पाण्याची खोली, पूर्व-पश्चिम वेग, उत्तर-दक्षिण वेग. आता घड्याळ थोडं पुढे सरकवायचं आणि अडीच कोटी चौकोनांचे तिन्ही आकडे नव्यानं काढायचे. परत घड्याळ सरकवायचं, परत काढायचे. सिम्युलेशन म्हणतात ते हेच.

घड्याळ किती सरकवायचं, यावर मात्र आपली मर्जी चालत नाही. 1928 मध्ये कुरांट, फ्रेडरिक्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी याची मर्यादा दाखवून दिली. या प्रकारच्या गणितात एका टप्प्यात लाटेनं एका चौकोनापेक्षा जास्त अंतर कापता कामा नये. कारण प्रत्येक चौकोन फक्त आपल्या शेजाऱ्याकडे बघतो. लाट शेजाऱ्याला ओलांडून पलीकडून आली तर त्याला ती दिसतच नाही. ही मर्यादा मोडली की चुका दर टप्प्याला फुगत जातात आणि थोड्याच वेळात स्क्रीनवर अंबाझरीत शंभर मीटर उंच पाणी उभं राहतं. दोन मीटर खोल पाण्यात लाटेचा आणि प्रवाहाचा मिळून वेग सेकंदाला सात-आठ मीटर धरला, तर 2 मीटरच्या चौकोनासाठी टप्पा साधारण 0.2 सेकंदाचा घ्यावा लागतो. सहा तासांच्या पुरासाठी असे 1,08,000 टप्पे झाले.

आता गुणाकार करा. अडीच कोटी चौकोन, एक लाख आठ हजार टप्पे, आणि दर चौकोनाला दर टप्प्यात साधारण शंभर बेरजा-गुणाकार. एकच प्रोसेसर सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडी उरकत असेल तरी 75 तास लागतात. सहा तासांचा पूर समजून घ्यायला तीन दिवस! आणि कुणी म्हणालं, 2 मीटरचा चौकोन फार मोठा आहे, अख्खी बोळ त्यात बसते, 1 मीटरचा करा; तर चौकोन चौपट होतात, टप्पा निम्म्यावर येतो आणि काम आठपट वाढतं. 75 तासांचे 25 दिवस.

मग जास्त वेगवान प्रोसेसर का नाही आणायचा? या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तेच चालायचं. दोन वर्षं थांबलं की नवा कॉम्प्युटर आपोआप वेगवान मिळायचा. 2004-05च्या सुमारास ते थांबलं. चिपचा ठोका, म्हणजे ती सेकंदाला किती वेळा काम पुढे सरकवते तो वेग, आणखी वाढवला की ती इतकी तापते की थंड ठेवणं परवडत नाही. तेव्हापासून ठोका तीन ते पाच गिगाहर्ट्‌झच्या आसपासच घुटमळतोय. एकाला पळवणं जमेना, म्हणून कंपन्यांनी एका चिपवर दोन, चार, सोळा, पुढे शेकडो कामकरी बसवायला सुरुवात केली. त्यांना कोअर म्हणतात. तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्येही बहुधा आठ आहेत. पॅरलल कॉम्प्युटिंग म्हणजे एकच काम या अनेकांकडून एकाच वेळी करून घेणं.

काकूला मी हे पंगतीवरून सांगितलं. गावाकडच्या लग्नात पाचशे पानं मांडली आणि वाढायला एकच माणूस असेल, तर शेवटच्या पानावर भात पडेपर्यंत पहिल्या पानावरचं वरण गार होतं. वीस वाढपी केले की काम झपाट्यानं उरकतं. पण विसपट झपाट्यानं उरकतं का? ज्यांनी पंगत वाढली आहे त्यांना उत्तर माहीत आहे. वरणाचं गंज एकच असेल तर वीसही जण बादल्या घेऊन गंजापाशी रांग लावतात. आमच्या पाण्याच्या गणितात नेमकं हेच होतं. बेरजा-गुणाकार पटकन होतात, पण आकडे मेमरीतून आणायलाच वेळ जातो, आणि मेमरीकडे जाणारी वाट अरुंद असते. शिवाय सगळ्या पानांवर सगळं पडल्याशिवाय 'पुंडलिक वरदे' होत नाही. एकोणीस वाढप्यांनी आपली रांग संपवली आणि एकाची बाकी असेल, तर पाचशे माणसं त्या एकासाठी थांबतात. सिम्युलेशनच्या प्रत्येक टप्प्याच्या शेवटी असंच थांबावं लागतं, कारण पुढचा टप्पा सगळ्यांच्या आत्ताच्या आकड्यांवर उभा असतो. एक लाख आठ हजार टप्पे म्हणजे एक लाख आठ हजार वेळा 'पुंडलिक वरदे'.

जीन अ‍ॅमडाल या कॉम्प्युटर अभियंत्यानं 1967 मध्ये यातला एक कटू हिशेब मांडला. कामाचा 5 टक्के भाग असा असेल की जो वाटताच येत नाही, तर माणसं कितीही लावा, काम विसपटीपेक्षा जास्त वेगानं होणार नाही. शंभर लावलीत तर सतरापटीच्या थोडं खालीच राहाल. म्हणून आमच्या क्षेत्रात चांगला प्रोग्रॅमर तो, जो त्या 5 टक्क्यांच्या मागे हात धुऊन लागतो.

आता नकाशा वाटून बघू. 10 किलोमीटरच्या तुकड्याचे एकेक चौरस किलोमीटरचे शंभर भाग करू आणि शंभर कोअरना एकेक देऊ. प्रत्येकाच्या वाट्याला 500 गुणिले 500, म्हणजे अडीच लाख चौकोन येतात. मधल्या चौकोनांचं ठीक आहे, त्यांचे शेजारी त्याच भागात आहेत. पण काठावरच्या चौकोनाचा शेजारी दुसऱ्याच कोअरकडे, कदाचित दुसऱ्याच कॉम्प्युटरमध्ये असतो. त्याचं पाणी किती आहे ते कळल्याशिवाय आपला हिशेब होत नाही. म्हणून प्रत्येक भाग आपल्या चारही बाजूंना शेजाऱ्याच्या चौकोनांची एकेक रांग उसनी घेऊन ठेवतो, आणि दर टप्प्याला ती ताजी करून घेतो. तिला घोस्ट सेल म्हणतात. मी वर्गात 'उसनी रांग' म्हणतो. ही देवाणघेवाण करण्याची ठरलेली भाषा एमपीआय या नावानं 1994 पासून आहे, आणि जगातले बहुतेक मोठे सिम्युलेशन प्रोग्रॅम आजही तीच बोलतात.

शंभर भागांत प्रत्येकाच्या काठावर सुमारे 2,000 चौकोन येतात, अडीच लाखांच्या एक टक्क्याहून कमी. बोलणं थोडं, काम जास्त. हाव धरून दहा हजार भाग केले, तर प्रत्येकाकडे 50 गुणिले 50 चौकोन उरतात आणि त्यातले 8 टक्के काठावर. आणखी बारीक तुकडे केले की काम कमी आणि निरोपानिरोपी जास्त, अशी गत होते. शिवाय सगळ्यांच्या वाट्याला सारखं काम आलं पाहिजे. सेमिनरी हिल्सचा उंच भाग ज्याला मिळाला, त्याच्याकडे पाणीच साचत नाही, तो प्रत्येक टप्प्यात हात बांधून बसतो. अंबाझरीच्या सांडव्याखालचा भाग ज्याला मिळाला, तो घामाघूम. म्हणून भाग पाडताना क्षेत्रफळ सारखं असून भागत नाही, ओली जमीन सारखी वाटावी लागते, आणि पूर पसरत जाईल तशी वाटणी मध्येच बदलावी लागते.

मागे एका विद्यार्थिनीनं असंच सिम्युलेशन चालवलं. आकड्यांचा तक्ता बघून सगळं बरोबर वाटत होतं. मग तिनं चित्र काढलं, आणि चित्रात नदी एका जागी, रिकाम्या जमिनीवर, अदृश्य भिंतीला धडकावी तशी थांबली होती. अलीकडे पाणी तुंबलेलं, पलीकडे कोरडं, मध्ये काटकोनात कापल्यासारखी कडा. निसर्गात पाणी असं उभं राहत नाही. ती कडा बरोबर दोन भागांच्या शिवेवर होती. पूर्वेकडची उसनी रांग ताजी करण्याची एक ओळ लिहायची राहिली होती. तक्त्यातल्या कोट्यवधी आकड्यांत ती चूक आठवडाभर सापडली नसती. चित्रात ती एका नजरेत दिसली.

शेजाऱ्याशी बोलण्याची ही गोष्ट कॉम्प्युटरच्याही आधीची आहे. लुईस फ्राय रिचर्डसन हा इंग्रज शास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करत होता. तिथे सवडीनं, हातानं, त्यानं 20 मे 1910 या होऊन गेलेल्या दिवसाच्या सहा तासांच्या हवामानाचं गणित केलं. उत्तर साफ चुकलं: हवेचा दाब 145 हेक्टोपास्कलनं वाढेल असं आलं, प्रत्यक्षात तो जवळपास होता तिथेच होता. तरी 1922 मध्ये त्यानं ते चुकीचं उत्तर जसंच्या तसं छापलं. मला त्याचा हा प्रामाणिकपणा फार मोठा वाटतो. सोबत त्यानं एक कल्पनाही मांडली. एका प्रचंड गोल सभागृहात 64,000 माणसं बसली आहेत, जगाच्या नकाशाचे तुकडे त्यांच्यात वाटलेले, आकडे शेजाऱ्यांना दिसतील असे फलकावर लावलेले. मधल्या खांबावर एक माणूस, जो पुढे पळणाऱ्यांवर गुलाबी आणि मागे पडलेल्यांवर निळा झोत टाकतो. कामाची वाटणी, उसनी रांग, एकमेकांसाठी थांबणं, सगळं त्यात आहे. फक्त यंत्र नव्हतं.

यंत्राच्या गोष्टीत आपल्या विदर्भाचा माणूस आहे. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. नागपूरच्या विश्वेश्वरय्या कॉलेजातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, 1965 मध्ये इंजिनिअर झाले. अमेरिकेकडून हवे तसे सुपरकॉम्प्युटर मिळेनात तेव्हा 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 हा सुपरकॉम्प्युटर तयार झाला. एक महाकाय प्रोसेसर बनवायच्या फंदात ते पडलेच नाहीत. त्यांनी ट्रान्सप्युटर नावाच्या लहान चिपा एकमेकींना जोडल्या. त्या प्रत्येक चिपेला शेजाऱ्यांशी बोलायला चार तारा होत्या. चार बाजू, चार शेजारी. आपल्या नकाशाच्या चौकोनासारखंच.

आज पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेत 2024 पासून अर्क हा सुपरकॉम्प्युटर आहे. त्याची क्षमता 11.77 पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला 11,770 लाख कोटी आकडेमोडी. 2025 पासून भारताचं हवामानाचं मॉडेल 6 किलोमीटरच्या चौकोनांवर चालतं. जगात हे फार बारीक समजलं जातं. तरीही हिशेब करून बघा: नागपूर शहर सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि एक चौकोन 36 चौरस किलोमीटरचा. अख्ख्या शहराला जेमतेम सहा चौकोन. धरमपेठेवर किती आणि मानेवाड्यावर किती, हे त्या सहा चौकोनांतून नीट वेगळं काढता येत नाही. काकूला मी जे 'पण' म्हणालो त्याचं मोठं कारण हे. पाऊस कुठे, किती पडणार हेच आधी नक्की नसतं, आणि आमचं पाण्याचं गणित त्याच पावसावर सुरू होतं.

यावर उपाय आहे. एकच पाऊस धरून बसायचं नाही. 60 मिलिमीटर, 80, 100, 120, ढग थोडा पश्चिमेला, थोडा पूर्वेला, असे पन्नास वेगवेगळे पाऊस धरून पन्नास पूर चालवायचे. हे पन्नास एकमेकांशी बोलतही नाहीत, त्यामुळे वाटायला अगदी सोपे. मग सांगता येतं की पन्नासपैकी तीस वेळा या गल्लीत गुडघाभर पाणी आलं. सामान माळ्यावर टाकायचं की नाही हे ठरवायला माणसाला एवढं पुरतं.

आता चित्राबद्दल, कारण लोकांपर्यंत पोहोचतं ते चित्रच.

आपल्या पुराचं दर मिनिटाचं एक चित्र साठवायचं म्हटलं तर दर वेळी 300 मेगाबाइट, सहा तासांचे 108 गिगाबाइट. हे एका कॉम्प्युटरवर आणून रंगवण्यापेक्षा ज्या कोअरकडे जो भाग आहे त्यानं तिथेच त्याचं चित्र काढावं आणि शेवटी कोण पुढे, कोण मागे हे बघून सगळी चित्रं एकावर एक लावावीत, हे स्वस्त पडतं. खऱ्यासारखं दिसावं म्हणून प्रकाशाचा माग काढतात. फुल एचडी चित्रात सुमारे 20 लाख 73 हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्यातून शंभर किरण उलटे सोडायचे, ते कुठे आपटले, कुठे वळले, शेवटी सूर्यापर्यंत पोहोचले का, हे बघायचं. म्हणजे एका चित्राला वीस कोटी किरण. इथे मात्र एका ठिपक्याला दुसऱ्याची वाट बघावी लागत नाही. म्हणूनच व्हिडिओ गेमसाठी अनेक लहान कामकरी असलेली जीपीयू चिप जन्माला आली, आणि 2007 मध्ये तिच्यावर साधं गणित करण्याची सोय खुली झाल्यावर आम्ही पुराचं गणितही तिच्यावरच करू लागलो. जी चिप पाणी रंगवायला बनवली, तीच आता पाणी वाहवते.

पाणी रंगवणं भलतं नाजूक काम आहे. पाण्यात शिरताना किरण वळतो; किती वळतो ते सांगणारा पाण्याचा अपवर्तनांक 1.33. गच्चीवरून सरळ खाली पाहिलंत तर पाणी जेमतेम 2 टक्के प्रकाश परावर्तित करतं, म्हणून तळ दिसतो; काठावर बसून दूर पाहिलंत तर पाण्यात आकाशच दिसतं. नागपूरच्या फुटाळा तलावावर संध्याकाळी उभे राहा आणि नजर पायापासून पलीकडच्या काठापर्यंत न्या, हे दोन्ही एकाच पाण्यात दिसेल. पण पुराचं पाणी फुटाळ्याच्या पाण्यासारखं नसतं. त्यात गाळाचे कण असतात, प्रकाश आत शिरल्याबरोबर त्यांच्यावर आपटून विखुरतो, आणि पाणी चहासारखं अपारदर्शक दिसतं. शहराच्या पुराचं निळंशार, तळ दाखवणारं चित्र कुणी दाखवलं तर समजावं की रंग सॉफ्टवेअरच्या तयार डबीतून आलाय.

माझा खरा आग्रह पुढच्या गोष्टीचा आहे. आपल्या समीकरणात प्रत्येक चौकोनाला एकच खोली असते. फुटणारी लाट, भिंतीवर उडणारे तुषार, फेस, यातलं काहीही त्यात नाही. चित्रात ते दिसत असेल तर ते कुणीतरी वरून घातलेलं आहे. चित्रपटात जरूर घालावं. पण लोकांनी घर सोडायचं की नाही हे ज्या चित्रावरून ठरणार आहे, त्यात जे मोजलं तेच दिसलं पाहिजे. आणि जिथे खात्री कमी आहे तिथे पाण्याचा रंग फिका केला पाहिजे. दिसायला सुंदर चित्रावर माणसं पटकन विश्वास ठेवतात. म्हणून ते काढणाऱ्यावर जबाबदारी जास्त.

आम्ही वर्गात सरावासाठी त्या रात्रीचा पूर चालवला. काकूच्या समोरच्या खोलीत पाणी आलं दोन फूट अकरा इंच. भिंतीवरची रेघ चार फूट दोन इंच. सव्वा फुटाचा फरक. समीकरणं तपासली, वाटणी तपासली, उसन्या रांगा तपासल्या, सगळं बरोबर. मग काकूला फोन केला. ती म्हणाली, "अरे, पाणी आत यायला वेळ नाही लागला, पण निघेचना. मागच्या कंपाउंडला अडलं होतं सगळं."

मागचं कंपाउंड नऊ इंची विटांचं. आमचा चौकोन 2 मीटरचा. चौकोनाच्या सरासरी उंचीत ती भिंत विरघळून गेली होती, आणि आमच्या नकाशात पाणी तिथून आरामात पुढे निघून जात होतं. त्या विद्यार्थिनीच्या चित्रात नसलेली भिंत उभी राहिली होती, इथे असलेली भिंत गायब होती. मुलं त्या गल्लीत गेली, टेपनं कंपाउंड मोजून आली, आणि दोन चौकोनांच्या मधल्या रेघेवर भिंत म्हणून खूण केली. पुन्हा चालवलं तेव्हा तीन फूट दहा इंच आलं. उरलेले चार इंच गटाराच्या चेंबरमधून उलटं वर आलेल्या पाण्याचे निघाले. ते हिशेबात धरलंच नव्हतं.

दिवाळीच्या आधी काकूकडे रंगारी आला होता. मला फोन करून म्हणाली, "तुझी ती रेघ पुसू का?" मी नको म्हणालो. आता तिच्या समोरच्या खोलीला नवा क्रीम रंग आहे आणि दारामागे वीतभर रुंद पट्टा तसाच सोडलाय. त्यावर मातकट रेघ, आणि शेजारी पेन्सिलनं काकूच्या अक्षरात तारीख.